कॅज्युअल : काम पडलं तर

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न आहे. कंपनीची इंग्रजी नियमपुस्तिका तिला मराठीत करायची आहे, कामगारांना स्वतः वाचता यावी म्हणून. त्यात ‘कॅज्युअल’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो : कॅज्युअल लीव्ह, कॅज्युअल कामगार, शनिवारचे कॅज्युअल कपडे, सुरक्षेबाबतचा कॅज्युअल अ‍ॅप्रोच, आणि शेवटच्या प्रकरणात कॅज्युअल्टी. शब्दकोशात पहिला अर्थ ‘अनौपचारिक’ दिसला म्हणून तिनं तो सगळीकडे घातला. मसुदा वाचून एका कामगारानं तिला विचारलं, ‘मॅडम, अनौपचारिक रजा म्हणजे पगार कापणार का?’ तेव्हा तिला शंका आली. तिचं विचारणं असं, की या शब्दाला मराठीत एकच नेमका शब्द का नाही, आणि नसेल तर दर वेळी कोणता घ्यायचा हे ठरवायचं कसं?

नागपुरात मी तीस वर्षं कायदेशीर आणि कारखान्यांच्या कागदांची भाषांतरं करते आहे. न्यायालयाचे आदेश, विम्याचे कागद, नेमणुकीची पत्रं, आरोग्याची पत्रकं. हा शब्द मला जितका भेटला आहे तितके कमी शब्द भेटले असतील, आणि एकदा त्यानं माझ्या हातून मोठी चूकही करवली आहे. ती पुढे सांगते. आधी त्या कामगाराबद्दल. त्याचा प्रश्न अगदी योग्य होता. रजा हा त्याच्या पगाराचा विषय आहे. त्या जागी धूसर शब्द पडला तर नुकसान त्याचं होतं, आपलं नाही.

आता शब्दाकडे. ‘अनौपचारिक’ हा कॅज्युअलचा सगळ्यात धाकटा अर्थ आहे. कपड्यांना कॅज्युअल म्हणणं विसाव्या शतकातलं. शब्द मात्र इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘पडणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. पडलेलं, म्हणजे घडलेलं, योगायोगानं समोर आलेलं. अ‍ॅक्सिडेंट, ऑकेजन, चान्स, केस हे सगळे शब्द त्याच ‘पडण्या’तून निघाले आहेत.

हे वाचून मराठी माणसाला नवल वाटायला नको, कारण आपलीही भाषा अगदी असंच बोलते. प्रसंग पडतो. प्रश्न पडतो. गाठ पडते. स्वप्न पडतं. फरक पडतो. आपण काही करत नाही, गोष्टी आपल्यावर येऊन पडतात. आणि आपल्याकडे, नागपुरात, शेजारीण निरोप घेताना दारातून म्हणते, ‘काम पडलं त सांगजो.’ पुण्याकडचा माणूस ‘काही काम असलं तर सांगा’ म्हणेल. आपण ‘पडलं तर’ म्हणतो. कॅज्युअलचा मूळ अर्थ या एका वाक्यात आहे. ठरलेलं नाही, रोजचं नाही, पण पडलं तर आहे.

हे एकदा मनात बसलं की तुमच्या पुस्तिकेतले निम्मे प्रश्न सुटतात. कॅज्युअल रजा म्हणजे काम पडलं म्हणून घेतलेली रजा. कॅज्युअल कामगार म्हणजे काम पडलं तर बोलावलेला माणूस. यात औपचारिक-अनौपचारिक असा काही भागच नाही.

रजेपासूनच सुरू करू, कारण तुमच्या वाचकाला तिचीच काळजी आहे. सरकारी मराठीत तिला ‘नैमित्तिक रजा’ म्हणतात. बऱ्याच कार्यालयांत ‘किरकोळ रजा’ही ऐकू येतं, आणि बोलताना सगळे ‘सीएल’ म्हणतात. १९४६च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याखाली केंद्र सरकारनं नमुन्यादाखल जे स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे नियम, केले होते, त्यांत या रजेचा हेतू स्वच्छ लिहिलेला होता : आधी अंदाज बांधता येत नाही अशा विशेष परिस्थितीसाठी. वर्षाला जास्तीत जास्त १० दिवस आणि, आजारपण सोडलं तर, एका वेळी ३ दिवसांहून जास्त नाही. शक्य असेल तर आधी परवानगी घ्यायची, नसेल तर जमेल तितक्या लवकर कळवायचं. ‘आधी अंदाज बांधता येत नाही’ हेच तर ‘पडलं तर’ आहे. मूल तापानं फणफणलं, गावाकडून निरोप आला, नळ फुटला.

केंद्र सरकारच्या सेवेत तर हिची गंमत वेगळीच आहे. तिथं वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात, पण नियमांच्या भाषेत ही रजेचा मान्य प्रकारच नाही. ती घेतलेला कर्मचारी कामावर गैरहजर धरला जात नाही आणि त्याचा पगार खंडित होत नाही. कारखान्यांच्या कायद्यात, म्हणजे २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या अधिनियमात, पगारी वार्षिक रजा होती (२४० दिवस काम केल्यावर दर २० दिवसांना एक), पण नैमित्तिक रजा त्यात नव्हती. ती स्थायी आदेशांतून किंवा करारातून येते. उलट महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात ती थेट लिहिलेली आहे : वर्षाला ८ दिवस, पगारी, तिमाहीच्या हिशेबानं खात्यात जमा होणारी, आणि वर्षाअखेर न घेतल्यास बुडणारी.

म्हणून माझा सल्ला असा. शब्द ‘नैमित्तिक रजा (सीएल)’ ठेवा, आणि त्याच्या खालीच एक ओळ लिहा : ‘अचानक काम पडल्यास घ्यायची पगारी रजा’. तुमच्या कंपनीत ती पगारी असेल तरच ‘पगारी’ लिहा, हे वेगळं सांगायला नको. त्या कामगाराला हवं असलेलं उत्तर शब्दात नव्हतंच, ते या ओळीत आहे. ‘किरकोळ’ मी स्वतः टाळते. किरकोळ म्हणजे क्षुल्लक, असा अर्थ आधी मनात येतो, आणि आईला दवाखान्यात न्यायला घेतलेल्या रजेला किरकोळ म्हणणं मला बरं वाटत नाही.

‘नैमित्तिक’ या शब्दावर थोडं थांबते, कारण तो मला फार आवडतो आणि लोक त्याला उगीच जड म्हणून बाजूला टाकतात. आपल्या धर्मशास्त्रात कर्मांचे प्रकार सांगितले आहेत : नित्य, नैमित्तिक, काम्य. संध्या रोजची, ती नित्य. ग्रहणाचं स्नान ग्रहण आलं तरच, मूल झाल्यावरचं जातकर्म मूल झालं तरच, ती नैमित्तिक. निमित्त घडलं तर करायचं, नाहीतर नाही. ज्यानं कुणी कॅज्युअल लीव्हला नैमित्तिक रजा म्हटलं, त्यानं हजारो वर्षं चालत आलेली वाट नेमकी पकडली. इंग्रजी शब्दात ‘पडणं’ आहे, आपल्या शब्दात ‘निमित्त’ आहे, आणि दोन्ही एकाच जागी येऊन भेटतात.

एक सावधगिरी मात्र हवी. निमित्त म्हणजे कारणही. न्यायशास्त्रात घडा घडवणाऱ्या कुंभाराला घड्याचं निमित्तकारण म्हणतात. आणि इंग्रजीत कॅज्युअलचा एक जुळ्यासारखा दिसणारा शब्द आहे, ‘कॉझल’, म्हणजे कार्यकारणासंबंधीचा. दोघांत फक्त दोन अक्षरांची अदलाबदल आहे. टंकलेखनात ही चूक इतक्या वेळा होते की विम्याच्या किंवा वैद्यकीय कागदात ‘कॅज्युअल संबंध’ असं दिसलं की मी आधी मूळ प्रत मागवते. अपघात आणि अपंगत्व यांत ‘कार्यकारणसंबंध आहे’ आणि ‘योगायोगाचा संबंध आहे’ या दोन वाक्यांत एका माणसाच्या भरपाईचा फरक आहे. अर्थ जवळपास उलटे, अक्षरं तीच.

आता कामगार. इथं मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. त्या नमुना स्थायी आदेशांत कामगारांचे वर्ग होते : कायम, परिविक्षाधीन (प्रोबेशनवरचे), बदली, तात्पुरते, कॅज्युअल आणि शिकाऊ. यातल्या ‘कॅज्युअल’ची व्याख्या काय असावी? ज्याचं काम कॅज्युअल स्वरूपाचं आहे तो कॅज्युअल कामगार. एवढंच. व्याख्येत तोच शब्द परत. म्हणजे अर्थ लावण्याचं ओझं वाचणाऱ्यावर, आणि शेवटी न्यायालयावर. त्याच यादीतला ‘बदली’ हा शब्द मात्र इंग्रजी कायद्यानं आपल्याकडून जसाच्या तसा घेतला. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या शहराला गिरणीची भाषा माहीत आहे. कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. साहेबाला त्यासाठी शब्द सापडला नाही, म्हणून कायद्यात ‘बदली’च राहिला.

नागपूर महानगरपालिकेत याच अर्थाचा आणखी एक शब्द आहे : ऐवजदार. कायम सफाई कामगाराच्या ऐवजी झाडू धरणारा. शहर पहाटे झाडलं जातं त्यात या ऐवजदारांचा केवढा वाटा आहे, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. मला हा शब्द बदलीपेक्षाही अचूक वाटतो, कारण त्यात ‘ऐवजी’ स्पष्ट ऐकू येतं. पण ऐवजदार म्हणजे कॅज्युअल नव्हे. त्याच्या कामाला कुणाची तरी ठरलेली जागा असते. कॅज्युअल माणसाला तीही नसते.

मग कॅज्युअल कामगार कोण? सकाळी चौकातल्या ठिय्यावर फावडं, घमेलं घेऊन उभा राहणारा. आज स्लॅबचं काम पडलं तर गेला, नाही पडलं तर दहा-अकराला डबा तसाच घेऊन घरी. त्याला आपण ‘रोजंदार’ म्हणतो, ‘रोजंदारीवरचा’ म्हणतो, आणि बोलताना ‘डेली वेजेसवाला’. माझी शिफारस ‘रोजंदारी कामगार’ हीच आहे. शासकीय कागदाशी जुळवायचं असेल तर ‘नैमित्तिक (रोजंदारी) कामगार’. ‘हंगामी’ लिहू नका. हंगामी म्हणजे हंगामापुरता, संत्र्याच्या तोडणीला किंवा कापसाच्या वेचणीला लागणारा. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा हंगाम येणार हे माहीत असतं. ‘कंत्राटी’ही लिहू नका. तिथं मधे ठेकेदार असतो आणि नियम वेगळे लागतात. ‘तात्पुरता’ माणूस ठरावीक मुदतीसाठी किंवा ठरावीक कामासाठी घेतलेला असतो. आणि ‘अनौपचारिक कामगार’ तर मुळीच नको, कारण अनौपचारिक क्षेत्र म्हणजे फेरीवाला, मोलकरीण, सायकल दुरुस्त करणारा असं सगळं असंघटित जग. तुमच्या कारखान्यात गेटपास घेऊन आत येणारा माणूस त्या अर्थानं अनौपचारिक नाही.

हे शब्द मी इतक्या अट्टहासानं वेगळे करते त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात निकाल दिला, की सार्वजनिक सेवेत ठरलेल्या निवडप्रक्रियेविना तात्पुरत्या, नैमित्तिक किंवा रोजंदारी तत्त्वावर लागलेल्याला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्यानंतर नेमणुकीच्या कागदावर कोणता शब्द आहे याला प्रचंड वजन आलं. उलटं उदाहरणही आहे. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात, ज्याचं काम कॅज्युअल स्वरूपाचं आहे आणि मालकाच्या धंद्यासाठी नाही, असा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतूनच वगळला होता. २०००च्या दुरुस्तीनं ते वगळणं काढून टाकलं. सत्याहत्तर वर्षं त्या एका शब्दाच्या आड किती जखमी माणसांची भरपाई अडली असेल, याचा विचार केला की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून तुमच्या पुस्तिकेत हा शब्द येईल तिथं कोणत्या माणसाविषयी बोलतो आहोत हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. जमलं तर शेवटी ‘कोण कोणत्या वर्गात’ असा अर्ध्या पानाचा मजकूर द्या.

आकाशवाणीवरही हा शब्द आहे. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे, आणि आपण ऐकतो त्यातले कितीतरी आवाज ‘कॅज्युअल अनाउन्सर’चे असतात, म्हणजे नैमित्तिक उद्घोषकांचे, ज्यांना ड्युटी लागेल तेवढ्या दिवसांचं मानधन मिळतं. त्या आवाजात काही कॅज्युअल नसतं. उच्चार घासूनपुसून घेतलेले असतात, वेळ सेकंदावर पाळलेली असते. नेमणूक कॅज्युअल, काम नाही. तुमच्या रोजंदारी माणसाबद्दलही हे लक्षात ठेवा. त्याच्या हातची वीटजोडणी कायम मिस्त्रीइतकीच सरळ असते.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. इथं अखेर ‘अनौपचारिक’ अर्थानं बरोबर आहे, पण कुणी तसं बोलत नाही. बर्डीच्या दुकानात ‘अनौपचारिक शर्ट दाखवा’ म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. तिथं कॅज्युअल आणि फॉर्मल हेच शब्द चालतात, किंवा ‘इन करायचा’ आणि ‘वरून घालायचा’. कार्यालयात आठवड्यातून एक दिवस सैल कपडे घालायची रीत हवाईतल्या ‘अलोहा फ्रायडे’तून १९६०च्या दशकात पुढे आली आणि १९९०च्या दशकात अमेरिकेत पसरली. आपल्याकडे ती कंपन्यांबरोबर आली. पुस्तिकेत विशेषण शोधत बसू नका, यादीच द्या : शनिवारी जीन्स आणि कॉलरचा टी-शर्ट चालेल, चप्पल चालणार नाही, यंत्रावर काम करणाऱ्यांना सुरक्षेचे बूट सर्व दिवशी. ‘घरगुती कपडे’ लिहिण्याचा मोह होईल. तो टाळा, मे महिन्यातल्या नागपुरात माणूस घरी काय घालतो ते आपल्याला माहीत आहे.

आता ते वाक्य, ‘सुरक्षेबाबत कॅज्युअल अ‍ॅप्रोच खपवून घेतला जाणार नाही’. हा अर्थ भारतातल्या इंग्रजीत विशेष चालतो आणि मराठीतही मुरला आहे. ‘तो फार कॅज्युअल आहे’ म्हणजे त्याला कशाचं गांभीर्य नाही. ‘परीक्षा इतकी कॅज्युअली घेऊ नको.’ न्यायालयाच्या आदेशांतही अधिकाऱ्यांनी काम ‘कॅज्युअल मॅनर’मध्ये केल्याचे ताशेरे असतात. इथं शब्द निवडताना पायरी सांभाळावी लागते. बेफिकिरी, ढिलाई, हलगर्जीपणा, निष्काळजीपणा या चढत्या पायऱ्या आहेत, आणि शेवटची पायरी कायद्याची आहे. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द निग्लिजन्ससाठी ठरलेला आहे. तो सिद्ध झाला तर भरपाई द्यावी लागते, गुन्हाही दाखल होऊ शकतो. साध्या ताशेऱ्याचं भाषांतर ‘निष्काळजीपणा’ करून ठेवलं की माणसावर न झालेला आरोप लिहिला जातो. तुमच्या वाक्याला ‘सुरक्षेच्या नियमांबाबत ढिलाई चालणार नाही’ एवढं पुरे. कामगाराला ते पहिल्या वाचनात कळेल.

आणि कॅज्युअल्टी. माझी चूक इथली.

काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यातल्या अपघाताचा इंग्रजी अहवाल रात्रीतून मराठीत करून द्यायचा होता. त्यात सात ‘कॅज्युअल्टीज’ लिहिल्या होत्या. मी ‘सात जण दगावले’ असं लिहून मोकळी झाले. खरं तर दोन माणसं गेली होती आणि पाच जखमी होती. तो मराठी कागद सकाळी सूचनाफलकावर लागला. पाच घरांतल्या बायामाणसांनी तो वाचला किंवा कुणाकडून ऐकला. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली, कुणी मला बोललंही नाही, पण त्या पाच घरांतली ती सकाळ मी घडवली होती. तेव्हापासून हा शब्द समोर आला की मी पेन खाली ठेवते आणि आधी आकडा फोडून मागते.

कॅज्युअल्टी म्हणजे मृत्यू नव्हे. पूर्वी तिचा अर्थ नुसता ‘अचानक घडलेली गोष्ट’ असा होता. मग तो अपघाताकडे झुकला, पुढे सैन्यात गमावलेल्या माणसांकडे गेला. त्यात मेलेले, जखमी, बेपत्ता, शत्रूच्या हाती पडलेले सगळे येतात, कारण सेनापतीच्या हिशेबात लढायला उरलेले किती हा प्रश्न असतो. युद्धाच्या बातमीत हजार कॅज्युअल्टीज दिसल्या आणि आपण ‘हजार ठार’ लिहिलं, तर कदाचित आठशे जिवंत माणसं आपण मारली. मराठीत याला एक शब्द नाही आणि नसलेलाच बरा. ‘मृत व जखमी’ असं फोडून लिहावं. ‘जीवितहानी’ फक्त मृत्यूंसाठी, ‘हताहत’मध्ये दोन्ही येतात पण वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

मात्र दवाखान्यातली कॅज्युअल्टी वेगळी. ‘त्याला मेडिकलच्या कॅज्युअल्टीत नेलं’ किंवा ‘मेयोच्या कॅज्युअल्टीत बसून राहिलो’ असं इथल्या दोन सरकारी रुग्णालयांबद्दल नागपुरात कुणीही म्हणतं, आणि त्यात कुणी मेलेलं नसतं. तो अपघात विभाग, तातडीचा विभाग. तुमच्या पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात ‘कॅज्युअल्टी’ दोन्ही अर्थांनी असणार, म्हणजे जखमी माणूसही आणि त्याला न्यायचं ठिकाणही. ‘जखमी व्यक्तीला हलवू नका’ आणि ‘रुग्णालयाच्या अपघात विभागात (कॅज्युअल्टी) न्या’ असं वेगवेगळं लिहा. कंसातला शब्द ठेवा, कारण रात्री दोन वाजता रिक्षावाल्याला माणूस तोच शब्द सांगणार आहे.

याच्या जवळचं एक उदाहरण तुमच्या पुस्तिकेत नाही, तरी सांगते, कारण मला त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. कुष्ठरोगाबद्दलच्या एका पत्रकात वाक्य होतं, की हा रोग ‘कॅज्युअल कॉन्टॅक्ट’नं पसरत नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन, या भागात हे काम किती जुनं आहे, आणि तरी लोकांच्या मनातली भीती किती चिवट आहे हे विदर्भातल्या माणसाला माहीत असतं. आधीच्या मसुद्यात कुणी ‘अनौपचारिक संपर्क’ लिहिलं होतं. ते वाचून कुणाची भीती जाणार? मी ‘सामान्य संपर्क’ केलं, तेही निर्जीव वाटलं. मग बैठकीत एका वयस्क आरोग्यसेविकेनं म्हटलं, ‘उठबस लिहा ना.’ उपचार न घेतलेल्या रुग्णाचा महिनोन् महिने निकटचा सहवास असेल तर लागण होऊ शकते. हात मिळवल्यानं, शेजारी बसल्यानं, एका पंगतीत जेवल्यानं होत नाही. हे सगळं त्या शब्दात बसलं : ‘रोजच्या उठबशीनं हा रोग पसरत नाही.’ असा शब्द कोशात कॅज्युअलसमोर कधी सापडणार नाही. तो बोलणाऱ्यांच्या तोंडात असतो, विचारावा लागतो.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं. कॅज्युअल हा शब्द काय आहे ते सांगत नाही, काय नाही ते सांगतो. म्हणून दर वेळी त्याच्या समोर, विरुद्ध बाजूला उभा असलेला शब्द शोधा. समोर ‘कायम’ असेल तर रोजंदारी. समोर ‘ठरलेलं’ असेल तर नैमित्तिक. समोर ‘फॉर्मल’ असेल तर साधं. समोर ‘गंभीर’ असेल तर ढिलं. समोर ‘जवळचं’ असेल तर तिथं मराठीचं भांडारच आहे : कॅज्युअल ओळख म्हणजे तोंडओळख, कॅज्युअल माहिती म्हणजे जुजबी माहिती, कॅज्युअल नजर म्हणजे ओझरती नजर, कॅज्युअल गप्पा म्हणजे अवांतर गप्पा, कॅज्युअली म्हटलेलं म्हणजे बोलण्याच्या ओघात म्हटलेलं. अधूनमधून वाचणारा, सटीसहामासी येणारा, हेही इंग्रजीत कॅज्युअलच.

आणि ‘सहज’? हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण कॅज्युअलच्या सगळ्यात जवळ जाणारा तोच आहे आणि तोच सगळ्यात फसवा. सहज म्हणजे सोबत जन्मलेलं, अंगभूत. मराठीत त्याला आणखी दोन अर्थ आले : सोपेपणानं, आणि काही हेतू नसताना. ‘सहज आलो होतो’ यातला सहज अगदी कॅज्युअल आहे. ‘सहजसुंदर अभिनय’ यातला बिलकुल नाही. एक शब्द योगायोगाच्या बाजूनं आला, दुसरा स्वभावाच्या बाजूनं, आणि दोघे हेतू नसण्याच्या जागी भेटले. बोलण्यात तो बिनधास्त वापरा. नियमपुस्तिकेत नको. ‘सहज येणारे अभ्यागत’ लिहिलंत तर कुणाला वाटेल आत येणं सोपं आहे. तिथं ‘आगाऊ वेळ न घेता आलेले अभ्यागत’ असं लांब पण स्वच्छ लिहा.

तुमचा सुधारलेला मसुदा फलकावर लावण्याआधी एक करा. ज्या कामगारानं रजेबद्दल विचारलं त्यालाच तो मोठ्यानं वाचायला द्या. तो जिथं अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करा, आणि त्या जागी तो स्वतः काय म्हणाला असता ते विचारा.